ओढून पाहिलेली झाडं

गुंफाबाईचा चेहरा मी नंतर पाहिला. आधी पाहिली ती तिची उजवी टाच. मी उकिडवी बसून नुकतंच लावलेलं कडुनिंबाचं रोप शेंड्याशी धरून ओढत होते आणि शेजारच्या खड्ड्यावर ती टाच अशी आदळली की माती माझ्या चष्म्यावर उडाली. वर पाहिलं तर पन्नाशीची एक उंच, काटक बाई. पातळ गुडघ्यापर्यंत खोचलेलं, कमरेला जुन्या लुगड्याची घट्ट पट्टी. तिनं माफी वगैरे मागितली नाही. जरा सरका, मग ओढा, एवढंच म्हणाली आणि पुढच्या खड्ड्याकडे वळली.

मी अकोल्याच्या जठारपेठेतली. वडील वकील, आजोबा शिक्षक. आमच्या घरात झाड म्हणजे दारातली तुळस आणि गच्चीवरच्या कुंडीतला मोगरा. तरी शेतकीची पदवी घेतली, आणि एका संस्थेत सुपरवायझर म्हणून लागले. संस्थेचं नाव सांगत नाही, सांगून काही उपयोगही नाही. अकोटच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी बोडक्या टेकड्यांवर झाडं लावायचं काम होतं. उन्हाळ्यात पुरुष खड्डे खोदून जात. पावसाळ्यात बायका जोडीनं लागवड करत. एकीनं रोपांचं घमेलं डोक्यावर घेऊन चढण चढायची, दुसरीनं रोप लावायचं. लावणारीनं कमरेतून वाकायचं, ब्लेडनं प्लॅस्टिकची पिशवी फाडायची, रोप खड्ड्यात धरून माती ओढायची, उभं राहून टाचेनं दाबायची, पुन्हा वाकायचं. दिवसाला दोनअडीचशे वेळा. पावसात भिजलेली पिशवी दुप्पट जड होते, हे मला घमेलं उचलून नव्हे, पुस्तकात वाचून माहीत होतं.

माझं काम तपासणीचं. रोप ओढायचं, हातात आलं तर काम कच्चं. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात एका बाईची तीन रोपं माझ्या हातात आली. माझ्या कानात तेव्हा वारं शिरलेलं होतं. ती तिन्ही रोपं मी तिच्या पायाशी नेऊन टाकली आणि सगळ्या टोळीसमोर बोलले. ती सुभद्रा, गुंफाबाईची धाकटी जाऊ. ती पदराआड रडत राहिली. मी मान ताठ करून पुढच्या ओळीला गेले. आज ते आठवलं की अंगावर काटा येतो, पण त्या दिवशी डबा मी चवीनं खाल्ला होता.

दुसऱ्या दिवशी जोडीतली कामं बदललेली दिसली. सुभद्रा वाहून आणणार, गुंफाबाई लावणार. माझ्या चष्म्यावर माती उडाली ती याच दिवशी. त्यानंतर त्या जोडीच्या ओळीत माझ्या हाती एकही रोप आलं नाही.

गुंफाबाई माळ्याघरची. माहेर अकोटच्या बाहेर, भाजीपाला आणि फुलांचा मळा. लहानपणापासून वाफ्यात वाढलेली, त्यामुळे रोप हातात धरण्याची तिची रीतच निराळी होती. शेंडा कधी धरायची नाही, मुळाशी तळहात द्यायची. खड्ड्यात ठेवताना प्रत्येक रोपाला "बस, बापा" म्हणायची. पाहुण्याला पाटावर बसवताना म्हणावं तसं, घाई न करता. साग असो, करंज असो, सगळ्यांना तोच मान. मग उभी राहायची, आणि टाच. इतर बाया दोनतीनदा दाबून पुढे जायच्या. ही सहासात वेळा दाबायची, रोपाभोवती फिरून, वजन टाकून, खालचा मुरूम दणदणायचा. नेहमी उजवीच टाच. डावी कधी पाहिली नाही.

जेवायला ती बसत नसे. बाकीच्या बाया पळसाच्या सावलीत पाय पसरायच्या, ही झाडाला टेकून उभ्याउभ्या भाकरी खायची, भाकरीवरच ठेचा. मी तिला एकदोनदा बस म्हटलं, तर सवय नाही म्हणाली. तिच्या कामसूपणाचं मला मोठं कौतुक वाटे. कमरेच्या पट्टीचंही. वाटायचं, काय ऐटीत कंबर कसते ही बाई. बसलं की पुन्हा उठता येत नाही म्हणून ती बसत नाही, आणि कंबर धरून राहावी म्हणून ती पट्टी आहे, हे मला कळायला तीन पावसाळे जावे लागले. शेतकीच्या पदवीत हे नव्हतं. डोळ्यांना दिसायला हवं होतं, ते मात्र खरं.

एकदा मुंबईहून एक साहेब पाहणीला आले. त्यांच्या कंपनीनं लागवडीला पैसे दिले होते, त्यांना काम पक्कं झालं का ते बघायचं होतं. मी त्यांना थेट गुंफाबाईच्या ओळीत नेलं. अंगापेक्षा बोंगा मोठा असावा तसे त्यांचे बूट होते. त्यांनी आवळ्याचं एक रोप धरलं आणि ओढलं. आलं नाही. चिडून दोन्ही हातांनी ओढलं. खोड मधून मोडलं, शेंडा साहेबांच्या हातात आणि मुळं जमिनीत जशीच्या तशी. मी आनंदानं टाळ्या वाजवायच्या बेतात होते. गुंफाबाई तो मोडका शेंडा बघत उभी राहिली. मग साहेबांना नव्हे, मला विचारलं, "लेकराचं नाक ओढून पायते का कोनी, धड हाय का मनून?" साहेबांना वऱ्हाडी कळलं नाही. मी हसून भाषांतर टाळलं आणि संध्याकाळी सगळ्या टोळीला सांगितलं, की दाबायचं तर गुंफाबाईसारखं दाबा. पुढे माझ्या तोंडात तेच वाक्य बसलं. गुंफाबाईसारखं दाबा. प्रत्येक नव्या पोरीला मी तिची टाच दाखवायला न्यायचे.

गमबुटांचीही एक गोष्ट आहे. एका वर्षी संस्थेनं सगळ्या बायांना गमबूट दिले. सगळे आठ नंबरचे, पुरुषांच्या मापाचे. चिखलात पाय उचलला की पाय बाहेर आणि बूट तिथंच. गुंफाबाईनं फोटोपुरते घातले, काढून मला परत दिले. बुटातून माती समजत नाही, ओली किती, पोकळ किती, ते टाचेलाच कळतं, असं तिचं म्हणणं. शिवाय रोप बसवताना पायात वहाण नको, हा तिचा माहेरचा नेम होता. ओळीच्या सुरुवातीला ती चप्पल काढून ठेवायची. तिचं बघून सगळी टोळी काढायची. मी मनातून खूश होते, कारण अनवाणी टाच चांगली दाबते. बूट छोट्या मापाचे मागवावेत, असं पत्र मी एकदा लिहिलं. उत्तर आलं नाही, मीही पुन्हा विचारलं नाही.

तिसऱ्या वर्षी सुभद्राचा डावा डोळा गेला. घमेलं डोक्यावर, दोन्ही हात वर, आणि उतारावर पाय सरकला. बाभळीची फांदी समोर. हात मोकळे असते तर आडवे आले असते. अकोल्यात पंधरा दिवस दवाखाना झाला, डोळा वाचला नाही. ती परत आली तेव्हा टोळीतल्या बायांनी तिला जवळ घेतलं, डोळ्यांत पाणी आणलं, पण जोडीला घ्यायला कुणी तयार होईना. एका डोळ्यानं उताराचा अंदाज येत नाही, ती अडखळते, जोडी मागं पडते. त्यांचंही चुकत होतं असं मी म्हणणार नाही. गुंफाबाईनं काहीच चर्चा केली नाही. सकाळी सुभद्राच्या डोक्यावर अर्धंच घमेलं ठेवलं, आणि अर्धं आपण कडेवर घेतलं. त्या दिवसापासून ती वाहायचीही आणि लावायचीही.

पुढच्याच पावसाळ्यात ते घडलं, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले आहे.

संस्थेच्या वरच्या लोकांच्या तपासणीला नऊ दिवस उरले होते आणि एक अख्खी टेकडी बाकी होती. मी ओळीमागून रोपं ओढत चालले होते. गुंफाबाईच्या खड्ड्यांत टाचेचे ठसे तांबूस दिसले. तिथला मुरूमच तांबडा, म्हणून मी लक्ष दिलं नाही. सातआठ खड्डे गेल्यावर एका ठशात बोट घातलं, तर बोट चिकट झालं. मी धावत पुढे गेले. ती पुढच्या खड्ड्यात दाबत होती, सहा वेळा, सात वेळा, वजन टाकून. मी तिला थांबवून पाय वर करायला लावला. पिशव्या फाडायच्या ब्लेडचा अर्धा तुकडा टाचेत उभा रुतलेला होता आणि प्रत्येक दणक्यासरशी आणखी आत गेला होता. ती त्या पायाकडे दुसऱ्या कुणाचा असावा तसं बघत होती.

"लागलंच नाई मले," ती म्हणाली.

बाया हसल्या. कातडंच झालंय टाचेचं, गेंड्याचं, असं कोणीतरी म्हणालं. मला हसू आलं नाही. मी तिच्या पायाच्या बोटांना चिमटा काढला. मग घोट्याला, मग पोटरीला. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. गुडघ्याच्या वर आल्यावर म्हणाली, आता समजलं. मी विचारलं, कधीपासून असं आहे. तिनं सुभद्राकडे एकदा पाहिलं आणि मागच्या दिवाळीपासून, असं हळूच सांगितलं.

अकोटच्या डॉक्टरांनी तुकडा काढला, टाके घातले, आणि अकोल्याला मणक्याचा फोटो काढायला पाठवलं. मणक्यातली गादी सरकून पायाची नस दाबली गेली होती. डॉक्टर तरुण होते, समजावून बोलत होते. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, पाय आपटायचा नाही. नाहीतर पाय जाईल. गुंफाबाईनं सगळं नीट ऐकून घेतलं, आणि मग करायचं काय, असं विचारलं. डॉक्टर म्हणाले, आराम. तिनं मान डोलावली, औषधाचं नाव ऐकावं तशी.

परतताना ऑटोत आम्ही दोघीच होतो. बांधलेला पाय तिनं समोरच्या दांडीवर ठेवला होता. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मॅडम, मुकादमाले नका सांगू. मी बसली त सुभद्री बी बसली. तिले कोनी नाई घेत."

मी सांगितलं नाही. तिच्यावर उपकार म्हणून गप्प बसले, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. खरं तसं नाही. टेकडी बाकी होती, नऊ दिवस होते, आणि टोळीतली सगळ्यात पक्की टाच तिची होती. चौथ्या दिवशी ती पायाला फडकं आणि त्यावर प्लॅस्टिक बांधून आली. मी तिला पाहिलं, तिनं मला पाहिलं. मी ओळ कुठून धरायची ते दाखवलं. तपासणीत आमची टेकडी पहिली आली. त्याचं प्रशस्तिपत्र आईनं जठारपेठेतल्या घरी भिंतीवर लावलं. पुढे मी ते काढलं, तर आई रागावली होती.

पावसाळा संपल्यावर माझं मन खाऊ लागलं आणि मी तिच्यासाठी सोयीचं काम शोधलं. रोपवाटिकेत माती भरायचं. सावली, बसून काम, चढण नाही, टाच नाही. सुभद्रालाही तिथं घेता आलं. पिशवीत माती हाताच्या अंदाजानं भरता येते, एक डोळा पुरतो. मला वाटलं, सुटले. गुंफाबाई एवढंच म्हणाली, की बसून काम तिला मानवत नाही. मी दटावलं. डॉक्टरांनी काय सांगितलं ते आठव, म्हणाले.

उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांची अक्कल ती. उकिडवं बसून, पुढे वाकून, दिवसभर माती भरणं हे त्या मणक्याला टेकडीपेक्षा वाईट. उभ्यानं भाकरी खाणाऱ्या बाईला मी आठ तास बसवलं. आगीतून काढून फुफाट्यात टाकलं, आणि वर समाधान. ती चार महिने बसली, कारण ती बसली तरच सुभद्रा तिथं राहणार होती. एक दिवस दुपारच्या सुट्टीत सगळ्या उठल्या, ती उठली नाही. चार बायांनी तिला उचललं, तर पाय सरळ होईनात. बसली होती त्याच आकारात ती त्यांच्या हातांवर वर आली. हातातली अर्धी भरलेली पिशवी तेवढी तिनं सांडू दिली नाही.

नंतर ती घरीच होती. सुभद्राला मात्र रोपवाटिकेत ठेवून घेतलं. तेवढं मला करता आलं, आणि तेवढंच.

पुढच्या हिवाळ्यात मला जुन्या ओळींतली जगलेली झाडं मोजायचं काम होतं. गुंफाबाईनं लावलेल्या ओळी मला पाठ होत्या. तिच्या शेजारच्या ओळी दोन हसऱ्या, कामचुकार पोरींच्या. त्या एकदा पायानं माती ढकलून पुढे पळायच्या, आणि मी त्यांच्यावर रोज ओरडायचे. मी दोन्ही ओळींतून खालपासून वरपर्यंत चालले. परत खाली आले, पुन्हा चालले. मला फरक दिसला नाही. करंज दोन्हीकडे सारखे, आवळे दोन्हीकडे सारखे. माती ओली असताना लावलेल्या भागात तर तिच्या ओळीतली काही रोपंच खुरटलेली वाटली; माती इतकी घट्ट बसली होती की मुळांना शिरायला जागा नव्हती. मी टेकडीच्या उतारावर बसले आणि बराच वेळ मला उठावंसं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेले. ती ओसरीत बाजेवर एका कुशीवर पडून होती. समोरच्या तुकड्यात तिचा मुलगा झेंडूची रोपं लावत होता, ती तिथून त्याला सांगत होती. त्याच्याकडे माझं लक्ष गेलं. तो रोप ठेवायचा, दोन बोटांनी अलगद माती दाबायचा आणि पुढे सरकायचा. मी मनाचा हिय्या करून तिला ओळींचं सांगितलं. तिला वाईट वाटेल, म्हणून आडवळणानं सांगितलं. तिनं मला मध्येच थांबवलं.

"मले ठाऊक व्हतं," ती म्हणाली. "रोपाले इतलं दाबा नाई लागत. आमच्या भाजीपाल्याच्या मयात कोनी टाच नाई मारत."

मग का मारत होतीस, असं मी विचारलं. माझा आवाज चढला होता. तो राग कुणावर होता, मला माहीत आहे.

"तुमी ओढून पायत व्हत्या ना," ती शांतपणे म्हणाली. "सुभद्रीनं आमच्या मयासारखं हातानं दाबलं, त तुमी तिच्या पायापाशी रोपं फेकले. मंग मी तुमच्या ओढन्याच्या हिशेबानं लावले झाडं."

तिच्या बोलण्यात डंख नव्हता. शेजारणीला पाककृती सांगावी तसं सांगितलं. मग मुलाला हाक मारून मॅडमला चहा ठेव म्हणाली. मी चहा घेतला. तिला मला काय सांगायचं होतं, ते सांगून झालं होतं, आणि मला जे म्हणायचं होतं ते माझ्या तोंडातून आलं नाही. माफ कर, हे दोन शब्द वकिलाच्या घरात फार लवकर शिकवतात, पण ते कुठे वापरायचे ते शिकवत नाहीत.

त्यानंतर मी रोप ओढलेलं नाही. वरती लिहिलं की ओढून पाहण्याची ही पद्धत बंद करा, घमेली हलकी करा, वाहण्याची आणि लावण्याची पाळी बदलत ठेवा, मापाचे बूट द्या. पाळीचं मान्य झालं. तपासणीच्या कागदावर मात्र अजून छापलेलं असतं, रोप ओढून पाहावे. माझ्यानंतर नवे सुपरवायझर आले, ते ओढतात. त्यांच्या टोळ्यांमधल्या बाया टाचा आपटतात. मी कितीजणांना सांगू.

गुंफाबाई मला शेवटची दिसली ती अकोटच्या बसस्टँडवर, यंदाच्या उन्हाळ्यात. अकोल्याला दवाखान्यात निघाली होती. सुभद्रा पुढे गर्दीत घुसून जागा धरायला चढली होती. गुंफाबाई दारापाशी उभी, एका हातात काठी, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. तिनं उजवा पाय हातानं उचलून पायरीवर ठेवायचा प्रयत्न केला. पाय घसरून खाली आला. पुन्हा ठेवला, पुन्हा आला. मागची माणसं थांबली होती. कंडक्टर भला होता, त्यानं बेल मारली नाही. मी धावत गेले आणि हात पुढे केला, धरून वर चढवावं म्हणून.

तिनं मला ओळखलं. बऱ्या हाय ना मॅडम, असं विचारलं, आणि माझ्या पुढे केलेल्या हातात तिची पिशवी दिली. काठी सुभद्राच्या दिशेनं आत सरकवली. मग वळली, आमच्याकडे तोंड करून बसच्या पायरीवर बसली, दोन्ही तळहात मागे टेकले आणि स्वतःला एकेक पायरी वर ओढून घेतलं. सगळा वेळ ती माझ्याकडे बघत होती आणि माझ्या आईची तब्येत विचारत होती. शेवटच्या पायरीवर पोचल्यावर तिनं दोन्ही हातांनी आधी डावा पाय आत घेतला, मग उजवा, आणि पिशवीसाठी हात पुढे केला.